तयार ओळींच्या गावाला

आखाडा बाळापूर कुठे आहे, हे आमच्या गटात एकालाही धड माहीत नव्हतं. एक म्हणाला अकोल्याकडे, दुसरा म्हणाला नगर जिल्ह्यात असणार. मी पडले कोल्हापूरची, मला सांगलीच्या पलीकडचं सगळंच लांब. शेवटी "तुला गप्पा मारायला आवडतं, तूच जा" असं म्हणून त्यांनी मला गाडीत बसवलं. परत आल्यापासून मी त्यांना त्या प्रवासाचं इतकं ऐकवलं आहे की आता तेच म्हणतात, लिहून काढ आणि आम्हाला सोड.

गट कसला ते आधी सांगते. मी पुण्यात एका बँकेत संगणक विभागात नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जण मुक्त सॉफ्टवेअर मराठीत आणायचा उद्योग करतो. मुक्त म्हणजे ज्याची आतली घडण उघडी असते, जे कुणीही वापरावं, बदलावं आणि शेजाऱ्याला द्यावं असं. दोन हजार पाच सालच्या सुरुवातीला आमची मराठी सीडी तयार होत आली होती. तिच्यातली सगळ्यात लाडकी गोष्ट होती 'ओळ' नावाचा छोटा प्रोग्रॅम. तुम्ही पहिलं अक्षर टाइप करा, की त्या अक्षराने सुरू होणारे तुमच्या नेहमीच्या वापरातले शब्द आणि अख्खी वाक्यं समोर हजर, सगळ्यात जास्त लागणारं सगळ्यात वर. हा प्रोग्रॅम बाळापूरच्या प्रज्ञा नावाच्या मुलीने लिहून इंटरनेटवर टाकला होता आणि आम्हालाही पाठवला होता. तिला आमच्यातल्या कुणीही पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच घोडं पेंड खायला लागलं. आदल्या वर्षाच्या अखेरीस सरकारने पेटंटच्या कायद्यात बदल करणारा अध्यादेश काढला होता, त्यात सॉफ्टवेअरला पेटंट मिळायची वाट उघडली होती. लगेच एका कंपनीने प्रज्ञाला मेल पाठवली. पहिल्या अक्षरावरून तयार वाक्यं पुढे करायची ही युक्ती आमची आहे, तिच्यावर आम्ही पेटंट मागितलं आहे, तुमचा प्रोग्रॅम वाटणं थांबवा. आमच्या एका वकील मैत्रिणीने सांगितलं, "जे आधीपासून लोकांत चालत आलंय त्यावर पेटंट मिळत नाही. पण चालत आलंय हे दाखवावं लागेल. तसं काही असेल तर आणा, नाहीतर ओळ सीडीतून काढा." ते आणायला मी निघाले होते.

आखाडा बाळापूर

नांदेडहून हिंगोलीच्या बसने निघालं की थोड्या वेळात वासच सांगतो कुठे आलात ते. हळद शिजत होती. रस्त्याकडेला मोठमोठ्या कढया, वाफ, आणि शिजलेली हळद उन्हात पसरलेली. बसमधून उतरताना माझी पांढरी ओढणी कुणाच्या तरी पोत्याला घासली आणि लग्नाआधीच मला हळद लागली. ती ओढणी अजून पिवळीच आहे. आमच्याकडे सांगलीला हळदीचा बाजार मोठा, पण तिथे ती पोत्यांत भेटते; अशी वाफाळत रस्त्यावर भेटलेली पहिल्यांदाच.

प्रज्ञाच्या घरचा छापखाना चौकातच आहे. पुढच्या खोलीत एक संगणक आणि प्रिंटर, मागच्या खोलीत जुनं छपाईयंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी पेट्या. प्रज्ञा पंचविशीची, बारीक, कमी बोलणारी. तिच्या वाटचं बोलणं तिच्या वडिलांनी, लिंबाजीमामांनी, उचललेलं. मामा पत्रिका छापणारे जुने जुळारी. खिळे जुळवता जुळवता आयुष्य गेलं, आणि त्याचा त्यांना इतका अभिमान की नमस्कार करायच्या आधीच सांगून मोकळे झाले.

"हिंगोलीपासून नांदेडापर्यंत माझ्या हाताला हात लावील असा माणूस न्हाई. व्हय का नाही, प्रज्ञा?"

"व्हय बाबा," प्रज्ञा म्हणाली. हे उत्तर तिला पाठ होतं.

चहा झाल्यावर तिने मला मागच्या खोलीत नेलं. "ताई, तुमी ते विचारलं होतं ना फोनवर, की हे सुचलं कुठून? हे बघा."

पेटीच्या एका बाजूला नेहमीसारखी अक्षरांची घरं होती. दुसऱ्या बाजूला मात्र अक्षरं नव्हतीच. तिथे अख्ख्या जुळवलेल्या ओळी दोऱ्याने बांधून ठेवलेल्या होत्या. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', 'आपले आगमन हाच आहेर', 'चि. सौ. कां.'. आ-ने सुरू होणाऱ्या ओळी एका घरात, न-च्या दुसऱ्या घरात. जी ओळ सगळ्यात जास्त लागायची ती हाताच्या सगळ्यात जवळ.

मी बघतच राहिले. प्रोग्रॅममध्ये पडद्यावर जे दिसायचं ते इथे शिशाचं होऊन पडलं होतं.

"लगीनसराईत एका दिवसात किती पत्रिका!" मामा म्हणाले. "एकेक खिळा उचलत बसलो तर नवरदेवाला पोरगं व्हईल तरी पत्रिका निघायची न्हाई. म्हून बांधून ठेवायच्या. माझी रीत आहे ही. पोरीनं ती काम्पुटरात घातली."

प्रज्ञाने कंपनीची मेल उघडून दाखवली. धमकीच्या खाली गोड बोलणंही होतं. प्रोग्रॅम वाटणं थांबवून ही युक्ती कंपनीची असल्याचं मान्य केलंत, तर तुमच्या दुकानापुरता तो वापरायला परवानगी, शिवाय शहरात आमच्याकडे नोकरी.

"नोकरी चांगली आहे," ती म्हणाली. लपवाछपवी नव्हती तिच्या बोलण्यात. "आणि न्हाई ऐकलं तर कोर्ट. ताई, कोर्टात मी काय बोलणार? त्यांच्याजवळ वकील हाईत, आमच्याजवळ प्रिंटर आहे, तोबी मधीच बंद पडतो."

मामांना पेटंट म्हणजे काय ते कळत नव्हतं. प्रज्ञाने त्यांना जे सांगितलं त्यापेक्षा सोप्या शब्दांत मी आजवर कुणालाही सांगू शकलेले नाही. "बाबा, आपण छापलेली पत्रिका कुणी जशीच्या तशी चोरली तर तो चोर. ते बराबर आहे, त्याला कायदा हाय. पण उद्या एकजण म्हणला, ओळी बांधून ठेवायची रीतच माझी, तर? मंग कुणी स्वतःची पत्रिका स्वतःच्या हातानं जुळवली, तरी ओळी बांधल्या म्हून तो गुन्हेगार."

"असं कसं? मंग छापायचं कसं?"

"तेच तर."

मी त्यात थोडी भर घातली. एका प्रोग्रॅममध्ये अशा शेकडो लहानसहान युक्त्या असतात. त्यातली कुठली कुणी कुठे नावावर करून ठेवली आहे, हे लिहिणाऱ्याला कळायचा मार्गच नसतो. मोठ्या कंपन्या एकमेकींना आपापली पेटंटं देऊन-घेऊन मोकळ्या होतात. प्रज्ञाने बदल्यात काय द्यावं? कंपनीने दर प्रतीमागे पैसे भरा म्हटलं, तर फुकट वाटलेल्या प्रती मोजतंय कोण?

रात्रीच्या जेवणात प्रज्ञाच्या आईने, शेवंतामावशींनी, ज्वारीची भाकरी, वांगं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. मी कोल्हापूरची, तिखटाचा मला माज. ताटातला सगळा ठेचा एका भाकरीबरोबर संपवला आणि मग बराच वेळ मला बोलता आलं नाही. मामांना फारच आनंद झाला. कोल्हापूर हरलं, असं त्यांनी शेजाऱ्यालाही हाक मारून सांगितलं.

पण मुद्दा तसाच होता. बांधलेल्या ओळी आज पेटीत आहेत, त्या जुन्या आहेत याला आधार काय? कंपनी म्हणणार, काल बांधल्या. हे मी म्हटल्यावर मामा एकदम हसायला लागले. "आधार? आधार माझ्या चुकीत हाय ना. उद्या चला साखऱ्याला."

कळमनुरी

साखरा सेनगाव तालुक्यात, म्हणजे हिंगोलीच्याही पुढे. काळीपिवळी जीपमध्ये मी, प्रज्ञा आणि मामा, आणि मामांच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. कळमनुरीला आठवडी बाजार होता, गाडी पुढे सरकेना. मामा म्हणाले, उतरा, करीमचाचांना भेटून घेऊ.

करीमचाचांचा छापखाना बाजाराच्या तोंडाशी. चाचा मामांहून वडील, डोळ्यांना कमी दिसतं, पण मामांचा आवाज ऐकल्याबरोबर म्हणाले, "आ गया बालापूर का बादशहा!" मग भजी आली, चहा आला. बाहेर तुरीचा भाव ओरडला जात होता आणि आत दोन म्हातारे एकमेकांची खेचत होते.

चाचांनीच मला इथली एक रीत सांगितली. लगीनसराईत या पट्ट्यातल्या छापखान्यांत खिळे कमी पडायचे. कुणाचा 'र' संपला, कुणाच्या वेलांट्या. मग एस.टी.च्या कंडक्टरबरोबर डबा पाठवायचा. कळमनुरीचे खिळे बाळापूरला, बाळापूरचे हिंगोलीला. कुणी नवी ओळ बांधली की तिचा कागदावर एक ठसा सगळ्यांकडे जायचा, म्हणजे दुसऱ्यालाही ती बांधता यावी.

"पण तुमी तर एकाच धंद्यातले," मी न राहवून विचारलं. बोलता बोलता माझ्याही 'तुम्ही'चं 'तुमी' झालं होतं. "गिऱ्हाईक पळवायची भीती न्हाई वाटली?"

"गिऱ्हाक अपनी जगह, टाइप अपनी जगह," चाचा म्हणाले. "सीजन में एक का काम अटका तो शादी अटकती ना, बेटी. आज इसको तकलीफ, कल मेरे को."

आमच्या कोल्हापुरात दोन छापखानेवाले शेजारी असले तर एकमेकांच्या दाराकडे बघतसुद्धा नाहीत. मी तसं म्हटलं तेव्हा मामांनी छाती आणखी थोडी पुढे काढली. पुण्यात आम्ही संगणकावर बसून देवाणघेवाणीच्या ज्या मोठमोठ्या गोष्टी करतो, त्या इथे एस.टी.च्या डब्यातून कितीतरी वर्षं चाललेल्या होत्या. मला या माणसांचा तेव्हा खरोखर अभिमान वाटला.

साखरा

साखऱ्याचं रान कोरडवाहू. हळद मागे राहिली, दोन्हीकडे ज्वारी आणि हरभरा, आणि मग नुसते माळ, त्यावर मेंढरं. आम्ही ज्यांच्याकडे निघालो होतो ते मारोतीही मेंढरं राखणारे. त्यांची बहीण कवसाबाई त्याच गावात दिलेली. मामा येणार म्हणून तीही येऊन बसली होती. या बाईच्या लग्नाच्या पत्रिकेत मामांनी ती नामी चूक केली होती.

कवसाबाईंनी ती गोष्ट सांगितली आणि मधेमधे मामांनी ती सुधारली. नव्वद सालच्या आसपासची लगीनसराई. पत्रिकेच्या शेवटी 'नम्र निमंत्रण' अशी ओळ यायची. मामांनी घाईत न-च्या घरात हात घातला आणि शेजारची बांधलेली ओळ उचलली. मामा स्वतः बौद्ध, त्यांच्या समाजाच्या पत्रिका त्यांच्याकडे पुष्कळ असायच्या, असं ते म्हणाले. त्यामुळे त्या घरात 'नम्र निमंत्रण'च्या अंगाला अंग लावून 'नमो बुद्धाय' पडलेली. वर श्री गणेशाय नमः, खाली खंडोबाचं नाव, आणि शेवटी नमो बुद्धाय. अशी पत्रिका छापून झाली, आणि कवसाबाईंच्या वडिलांना वाचता येत नसल्यामुळे ती गावोगाव वाटूनही झाली.

"मंग झाला ना कल्ला!" कवसाबाई म्हणाल्या. "सासरचे आले तोंड फुगवून. हे काहून लिवलं म्हने. माझा बाप म्हनला, वाटून झाल्या आता, काय घरोघर जाऊन चाटून पुसू? देवाचंच नाव हाय, शिवी तर न्हाई लिवली."

"मी पाया पडायला आलतो," मामा म्हणाले.

"पाया कशाला पडता, जेवा म्हनला माझा बाप. आन् मी सुखात नांदले बगा. मंग धाकटीच्या लग्नाला बापानंच सांगितलं, तीच ओळ टाका, लाभती आपल्याला. तवापासून आमच्या घरात पत्रिकेखाली तीच ओळ."

मारोतींनी देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून कवसाबाईंची पत्रिका काढून दिली. कडा पिवळ्या पडलेल्या, तारीख स्पष्ट, आणि शेवटी ती ओळ. मी ती अंगणातल्या बाजेवर ठेवली आणि पिशवीतून कॅमेरा काढायला वाकले. तेवढ्यात बाजेखालून एक शेळी निघाली आणि तिने पत्रिकेचा कोपरा तोंडात घेतला.

मी आयुष्यात इतक्या मोठ्याने किंचाळले नसेन. प्रज्ञाने शेळीचे कान धरले, मारोतींनी जबडा धरला आणि मामा नुसतेच ओरडत राहिले, "खालची ओळ सांभाळा, खालची!" गणपती गेला. बाकी सगळं वाचलं. घरातली सगळी माणसं हसत होती आणि मी पत्रिका पुसत होते. मग मला शेळीच्या दुधाचा चहा दिला, तो पिताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

हसू ओसरल्यावर प्रज्ञा पत्रिका हातात धरून हळूच म्हणाली, "ताई, एकेक खिळा उचलला असता तर अक्षर चुकलं असतं. अख्खी ओळ कशी चुकेल?"

बरोबर होतं. अख्खी ओळ चुकायची तर ओळी आधीपासून तयार पाहिजेत, आणि एकाच अक्षराच्या ओळी एकाच घरात पाहिजेत. हे सगळं कंपनीच्या अर्जाच्या किती वर्षं आधी चालू होतं, ते त्या तारखेसकट समोर होतं. घाईत चुकीची ओळ उचलणारे मामा नसते तर आमच्या हाती काहीच लागलं नसतं. मामांना मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "मंग? चूक करायची तर अशी करायची."

पुन्हा बाळापूर

दुसऱ्या दिवशी मामांना पेटीसमोर बसवून, कॅमेरा लावून, त्यांच्याकडून रीतसर हकिकत बोलून घ्यायची असं ठरलं. वकील मैत्रिणीला फोन केला तर तीही खूश. प्रज्ञा मात्र सकाळपासून पुन्हा पुन्हा ती मेल उघडून बघत होती. तिने अजून कंपनीला उत्तर दिलेलं नव्हतं, आणि उत्तर तिलाच द्यायचं होतं. आमच्या गटाचं काय, सीडी निघाली असती किंवा नसती. कोर्टात नाव तिचं येणार होतं.

मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. मी म्हटलं, "मामा, सांगा, ही रीत तुम्ही कधी काढलीत. म्हणजे तुमच्या नावानिशी नोंद होईल. रीत आखाडा बाळापूरच्या लिंबाजींची, कंपनीची नाही."

मला वाटलं आता भाषण सुरू होणार. मामा एक ओळ हातात घेऊन तिचा दोरा चाचपत बसले.

"तसं नका लिहू," ते म्हणाले.

"काहून बाबा?" प्रज्ञाने विचारलं. "दोन दिवस तर सांगून राहिले, माझी रीत, माझी रीत."

"बोलायची गोष्ट येगळी. लिहायची येगळी." त्यांनी ओळ पुन्हा तिच्या घरात ठेवली. "मला ही करीमचाचानं शिकवली. मी पोरगा होतो, त्याच्याच हाताखाली होतो. चाचाला हैदराबादेच्या कोणा उस्तादानं. त्याला कोणी, ते चाचालाबी ठाऊक न्हाई. आता मी माझं नाव टाकलं, तर त्या कंपनीत आन् माझ्यात फरक काय राहिला? माझ्या नावावर झाली, मंग उद्या चाचानं ओळ बांधली तर मी त्याच्या दारात वकील घेऊन जाऊ?"

शेवंतामावशी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदराने डोळे टिपले. सारा जन्म हा माणूस मीच मी म्हणत आला आणि नाव लिहून घ्यायची वेळ आली तेव्हा मागे सरला.

मामांनी मग कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं. चाचांचं, त्यांच्या उस्तादांचं, एस.टी.तल्या डब्यांचं, साखऱ्याच्या चुकीचं. प्रज्ञा तिथून उठली, पुढच्या खोलीत गेली आणि कंपनीला उत्तर टाइप करायला बसली. मी मागे जाऊन उभी राहिले. 'न' दाबल्याबरोबर तिच्याच प्रोग्रॅमने तिच्यापुढे ओळी धरल्या, त्यातली 'नम्रपणे कळवते की' तिने उचलली. पुढचं तिने स्वतः लिहिलं. ही रीत तुमची नाही आणि माझीही नाही, त्यामुळे ती तुम्हाला देऊन टाकणं माझ्या हातात नाही. प्रोग्रॅम सीडीवर राहील.

"नोकरी गेली," ती पाठवून झाल्यावर म्हणाली आणि हसली.

ओळ सीडीवर राहिली. मार्चमध्ये संसदेत कायदा झाला, तेव्हा सॉफ्टवेअरला वाट देणारे अध्यादेशातले ते शब्द त्यात नव्हते. देशभरातून पुष्कळ जणांनी त्यासाठी आवाज उठवला होता, त्यात आमची साखऱ्याची पत्रिकाही होती एवढंच माझं म्हणणं. कंपनीची पुन्हा मेल आली नाही. मी बाळापूरला फोन केला तर मामांनीच उचलला. "मंग? मी होतो म्हून झालं," ते म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

मागच्या आठवड्यात टपालाने एक पत्रिका आली. मारोतींच्या मुलीचं लग्न. वर गणपती, खाली खंडोबा, आणि शेवटी, त्यांच्या घरच्या रिवाजाप्रमाणे, 'नमो बुद्धाय'. अगदी तळाशी छापखान्याचं नाव असतं तिथे यावेळी बारीक अक्षरांत नवी ओळ होती: 'ही पत्रिका अशीच्या अशी कोणालाही छापायची असल्यास खुशाल छापावी.' आणि त्याखाली, नवरा-नवरीपेक्षा मोठ्या अक्षरांत: लिंबाजी, आखाडा बाळापूर.